सोलरचं तोंड उत्तरेकडे

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या बाप्पा! मधात कोणी हसलं की माह्या हातातला पेन थांबते. पेन कशाले? ते शेवटी सांगतो. आधी चहा घ्या.

दर्यापूरच्या शाळेत म्या तीस वर्षं भूगोल शिकवला. मारलं कोणालेच नाही. पण उत्तर चुकलं की बरोबर उत्तर शंभर वेळा लिहून घ्यायचो. पोट्टे म्हणत, यापेक्षा छडी बरी!

आता रिटायर होऊन अमरावतीले राजापेठेत राहतो. आमच्या घरवालीची, कुसुमची, बोटं संधिवातानं आखडतात. हिवाळ्यात गार पाण्यात हात घातला की भाकर थापणं सोडा, कप धरता येत नाही बिचारीले. मले पाहवत नव्हतं. म्हटलं, "कुसुम, यंदाच्या थंडीत तुह्या हाताले गार पाणी लागू देत नाही. पाणी तापवायचं सोलर बसवतो!"

अन् बसवायचं तर शिकलेल्या माणसाकडूनच. शोधता शोधता कोण सापडावं? माहीच जुनी विद्यार्थिनी, वैशाली! रीतसर कोर्स केलेली, सर्टिफिकेटवाली. एप्रिलच्या उन्हात आली, पाया पडली, गच्चीवर चढली अन् मोबाइलवर दिशा पाहिली.

"सर, सोलरच्या नळ्यायचं तोंड दक्षिणेकडे ठेवते."

"दक्षिणेकडे? काहून?" मी उडालोच. "यमाची दिशा हाय थे! तिकडं पाय करून आपण झोपत नाही, अन् तू तिकडून आंघोळीचं पाणी तापवून राहिली? उत्तरेकडे कर. कुबेराची दिशा!"

"पण सर, हिवाळ्यात..."

"सर कोण हाय? तू का मी?"

जुन्या सरले कोण उलट बोलंल? बिचारीनं नळ्यायचं तोंड उत्तरेकडे केलं. जाता जाता म्हणाली, "सर, पाइप दोन हात जास्त ठेवला हाय. कापू नका." मले वाटलं, पोरगी मापात चुकली.

मे महिन्यात पाणी असं तापलं म्हणता! मी गल्लीभर मिरवलो. कुसुम म्हणे, "अवो, उन्हाळ्यात आपल्या साध्या नळाच्या पाण्याचाबी चटका बसते." पण बायकोचं ऐकतो कोण? उलट शेजारच्या वानखडेभाऊंचं चांगलं चाललेलं सोलर, त्याचंबी तोंड म्या फिरवायले लावलं!

डिसेंबर आला. पाणी कोमट. आठ दिवसांनी तेबी नाही. वानखडेभाऊ टॉवेल गुंडाळून माह्या गेटवर उभे.

"काय मास्तर, तुमचा कुबेर गावाले गेला काय?"

त्यायले कसंतरी परतवून आत आलो. पाहतो तर कुसुम गॅसवर पातेलं ठेवून आखडलेली बोटं वाफेवर धरून उभी. लाज वाटली हो, खरंच वाटली.

तरी वैशालीले फोन लावून म्या काय म्हटलं? "तुह्या मशीनमध्ये बिघाड हाय!" आता बोला!

दुसऱ्या दिवशी ती बरोबर बारा वाजता आली. गच्चीवर मले नळ्यायच्या बाजूले, उत्तरेकडे तोंड करून उभं केलं.

"सर, ऊन कुठं लागून राहिलं?"

"पाठीवर..." म्हटलं, अन् जीभ चावली.

तिनं घंटाभरात सोलरचं तोंड फिरवलं. तो दोन हात जास्तीचा पाइप? बरोबर पुरला!

"म्हणजे तुले एप्रिलमध्येच ठाऊक होतं?"

"ठाऊक कसं नसंल सर? सातवीत म्या 'उत्तरेकडून' लिहिलं होतं. तुमीच तर शंभर वेळा लिहून घेतलं, 'हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो.' म्हटलं, थंडी पडली की सरले आठवंल."

मग जाऊन वानखडेभाऊंचंबी फिरवून दिलं. गुणाची पोरगी!

आज सकाळी कुसुमनं नळाखाली हात धरले. वाफ निघत होती. बोटं हळूहळू उघडली तशी ती हसली. मले वाटलं, सुटलो. तर तिनं हात पुसले अन् माह्यापुढं दोनशेपानी वही आणून ठेवली.

त्रेसष्ट झाले. कप इकडं सरकवा जरा, सदतीस बाकी हायेत.