दमायच्या आधी थांबायचं

वैरागच्या स्टँडवर कंडक्टर माझ्या शिलाई मशीनचं वेगळं तिकीट मागत होता आणि आई त्याच्याशी हुज्जत घालत होती. त्या गडबडीत आम्हा मायलेकींचं रडायचं राहूनच गेलं. सोडचिठ्ठी झाली होती, सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात काम मिळालं होतं. गाडी सुटताना आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "कुनापुडं हात पसरू नको." गावाकडच्या बायांनो, तुम्ही फोनवर विचारता ना, एकटीनं कसं निभावलंस, म्हणून हे लिहितेय.

तेव्हा मी भरलेल्या दोन बादल्या घेऊन तीन मजले चढायचे, वर शेजारणीशी गप्पाही मारायचे. मग कोरोना झाला. पंधरा दिवसांत बरी झाले असं सगळे म्हणाले, पण दम काही परत आला नाही. डोक्याचं तर विचारूच नका. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा लाँग कोविड, लई जणांना होतोय, दमायच्या आधी थांबायचं. एवढं इंग्रजी नाव ऐकून मला जरा भारीच वाटलं! पण कारखान्यात सांगायचं कसं? काम गेलं तर परत वैराग, आणि परत गेले की मी पुन्हा निघणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आईचा शब्द धरून गप्प बसले.

एक दिवस अख्ख्या गठ्ठ्याचे खिसे मी उजवीकडं लावले. चाळीस शर्ट, सगळे उजवीकडं! कटिंगवाले चाचा गठ्ठा उलगडून बघतच राहिले. मला हुंदका आवरेना, सगळं सांगून टाकलं. चाचा दखनीत एवढंच म्हणाले, "रो नक्को बेटी, पहले बताना था ना." मग बाया ब्लेड घेऊन गोल बसल्या आणि दुपारभर खिसे उसवले. ही शाळा फक्त डावखुऱ्यांची, असं म्हणून हसूनही घेतलं.

तेव्हापासून चाचा दर वीस मिनिटांनी टेबलावर कात्री आपटतात. वाजली की मी मशीनवरून उठायचं, मग शिलाई अर्धी का असेना. आमच्या जिन्यात लक्ष्मीअक्कानं, म्हणजे शेजारच्या तेलुगू बाईनं, प्रत्येक वळणावर स्टूल ठेवलंय. मी न बसता चढले तर ती वरूनच तेलुगूत झापते. शब्द कळत नाहीत, पण बसावं लागतं. मला मेलीला मदत घ्यायची सवयच नव्हती. आता लागली, आणि बरं वाटतं.

आजही मी पूर्वीसारखी नाही. माझं दुखणं कानावर गेलं म्हणून उन्हाळ्यात आई मला कायमची न्यायला आली, तेव्हा मला धडकीच भरली. तिनं आल्या आल्या माझे कपडे पिशवीत भरायला घेतले. आठ दिवस राहिली. कारखान्यात येऊन कात्री ऐकली, स्टुलांवर स्वतःही बसली, अक्काकडून चटणी शिकली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी तासतास बोलायच्या. नवव्या दिवशी मावशीचा फोन आला, पोरीला घरी कधी आणतेस म्हणून. आई पिशवीतले माझे कपडे परत कपाटात लावत होती.

"ती घरीच हाय की," आई म्हणाली.