चालू ठेवलेला फोन

"चार्जिंग अन् टीव्ही एकाच भोकातून? पतला फोन तुमालेच पाहिजे होता ना, भोगा आता!" पांढुर्ण्याचा हा मोबाईल दुरुस्तीवाला सगळ्या गिऱ्हाइकांवर असाच खेकसतो. तिगावच्या मावशीवर मात्र नाही. तिच्या मेलेल्या मुलाचे फोटो त्या मुलाच्याच फोनमध्ये अडकलेत. स्क्रीन फुटलेली, त्यामुळे लॉक उघडत नाही, आणि तसली स्क्रीन आता मिळत नाही. टीव्हीला जोडून फोटो काढता आले असते. पण त्या स्वस्त फोनच्या भोकातून चार्जिंगच होतं, चित्र बाहेर येत नाही.

ती बाजाराच्या दिवशी येते. तो फोन चार्ज करून ठेवतो आणि तिच्यासमोर रिंग देतो. "पाह्य मावशी, चालू हाय. करून राहिलो ना मी."

तिनं आणलेली संत्री त्याला गिळवत नाहीत. तो ती माझ्याकडे, दुकानातल्या त्याच्या मदतनिसाकडे, सरकवतो. फोटो कधीच निघणार नाहीत हे ठाऊक असून मी ती खातो.