टेंपरेचरचा काटा

आमच्या टाउनशिपमध्ये लाल पुठ्ठ्याला कुणी हात लावत नसे. कारखान्यात एखादं यंत्र दुरुस्तीला काढलं की त्यावर लाल पुठ्ठा टांगायचा, खाली सही करायची, आणि ज्याने टांगला त्यानेच तो काढायचा. तोवर ते यंत्र कुणी चालू करायचं नाही, मोठ्या साहेबांनीसुद्धा नाही. माणसाचा जीव वाचवणारा नियम, त्याला नावं कोण ठेवणार? पण तो आमच्या लोकांच्या अंगात इतका मुरला होता की क्वार्टरमध्येही पाळला जायचा. कुणाच्या कूलरवर पुठ्ठा, कुणाच्या पाण्याच्या मोटरवर पुठ्ठा. आमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर तो चार महिने लटकत होता. आणि मी, शाळेच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलांना प्रत्येक गोष्ट तपासून बघायला शिकवणारी बाई, चार महिने मुकाट्याने त्याचा मान राखत होते. आजही आठवलं की माझाच मला राग येतो.

गाडी आमच्या लग्नाच्याही आधीची होती. गोल दिवे, जाड पत्रा, गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी. ह्यांनी ती एका निवृत्त होणाऱ्या साहेबांकडून घेतली होती आणि तिच्यावर जीव टाकत. मी ती चालवायला शिकले ती आईसाठी. आई नेहरू नगरला राहायची, सोबतीला दिवसरात्र एक बाई. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की रोज हाताला धरून चालवा, नाहीतर पाय कायमचे बसतील. पडल्यापासून आई घाबरून गेली होती. त्या बाईचा हात धरायला तयार नसे. माझा मात्र धरायची.

टाउनशिप शहराच्या एका टोकाला, नेहरू नगर दुसऱ्या टोकाला. शाळा सुटल्यावर दोन बस बदलत गेलं तर पोचेपर्यंत दिवे लागायचे, आणि परतीची बस मिळेल याची खात्री नाही. गाडीने मात्र अर्ध्यापाऊण तासाचं काम. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार मी शाळेतूनच परस्पर जायचे. आई पलंगापासून गॅलरीपर्यंत, मग जिन्यापर्यंत, आणि एप्रिलमध्ये तर खाली फाटकापर्यंत आली. शेजारच्या बायका बघायला बाहेर आल्या, तर म्हणते, "बघता काय, मी काय वरात आहे?" मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू.

त्याच महिन्याच्या शेवटी परत येताना गाडी तापली. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा चढताना मला दिसला. मी लगेच गाडी झाडाखाली घेतली, बॉनेट उघडलं, इंजिन निवेपर्यंत शांत बसले, मग पाणी घातलं आणि आले. तासभर उशीर झाला, एवढंच. घरी आले तर हे फाटकात उभे, भोवती अर्धी गल्ली, प्रत्येकाचा वेगळा सल्ला. मला पाहून हे आत गेले, तोंड धुतलं आणि जेवायला बसले.

चार दिवसांनी तो काटा बंद पडला. इंजिन कितीही चालवा, काटा आपला तळाशी. हे कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला. मोठमोठ्या यंत्रांचे मीटर दुरुस्त करणं हाच ह्यांचा धंदा. ह्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घालून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, मीटर बंद असताना यंत्र चालवायचं नसतं. इंजिन तापलं तर तुला कळणारच नाही. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा आला. दर रविवारी हे स्वतः तो काढायचे, मला आईकडे न्यायचे आणि आणायचे, आणि आल्यावर परत टांगायचे. तुम्ही कशी चालवता मग, असं विचारलं तर म्हणायचे, मला इंजिनाच्या आवाजावरून कळतं. दुरुस्तीचं काढलं की म्हणायचे, सुटा भाग मिळत नाहीये, मिळाला की बघतो. दिवसभर जगाचे मीटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला घरचा एक काटा जमत नाही म्हणून मी टोमणे मारायचे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी आईला उठवायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, राहू दे आज. सोबतीच्या बाईने सांगितलं की आठवडाभर त्या उठतच नाहीत. मी चादर सारली. पोटऱ्या नुसत्या काठ्या झाल्या होत्या. परतीच्या रस्त्यात डोक्यात एकच, की आता बस झालं.

मंगळवारी शाळेला सुट्टी होती. हे ड्यूटीवर गेले आणि मी लॅबमधून आणलेली क्लिपांची लांब वायर घेऊन गाडीपाशी गेले. दार उघडताना, खोटं कशाला बोलू, चोरी करतेय असंच वाटत होतं. पुठ्ठा तसाच ठेवला आणि त्याच्या मागून हात घालून किल्ली फिरवली. शेजारचा पेट्रोलचा काटा सावकाश वर आला. म्हणजे डॅशबोर्डला वीज मिळत होती. राहिल्या तीन गोष्टी: काट्याचं यंत्र, इंजिनावर बसवलेलं पाण्याचं तापमान ओळखणारं पितळी टोपण, आणि दोघांना जोडणारी एक वायर.

आधी टोपण तपासलं. त्याच्यावरची वायर काढली आणि माझ्या वायरने ती थेट इंजिनाच्या लोखंडाला जोडली. बाकी सगळं ठीक असेल, तर अशा वेळी काटा सरळ वरच्या टोकाला जातो. परत आत बसून किल्ली फिरवली. काटा ढिम्म. म्हणजे दोष टोपणात नव्हता, निदान एकट्या टोपणात तरी नव्हता. मुलांच्या जोडण्यांतली तुटलेली जागा शोधण्यात माझी वर्षं गेली होती, त्यामुळे आता चेव आला. टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणी झाले.

वायर तुटलेली नव्हती. काट्याच्या मागच्या स्क्रूवरून ती काढलेली होती. उघड्या टोकाला काळी टेप गुंडाळली होती, वायर मागे वळवून मेण लावलेल्या दोऱ्याने नीट बांधली होती, आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडून ठेवलं होतं. पुन्हा उघडताना नख लावावं लागू नये म्हणून. तसं दुमडणारा माणूस मला माहीत होता. ह्यांच्या सेक्शनला ती शिस्त होती, आणि घरी लोणच्याच्या बरणीवर टेप लावली तरी हे टोक दुमडायचे.

मी तिथेच पडून राहिले. आधी तिडीक गेली डोक्यात, मग रडू आलं. मग टेप सोडवली, वायर स्क्रूला लावली आणि परत किल्ली फिरवली. काटा झर्रकन वर गेला. इंजिनापाशी सगळं होतं तसं जोडलं, दहा मिनिटं इंजिन चालवलं, तर शहाण्यासारखा मधोमध येऊन थांबला.

संध्याकाळी हे आले. मी चहाच्या बशीत ती टेपची पट्टी ठेवली होती. ह्यांनी पाहिलं आणि कप हातात घेतलाच नाही. नाकारलंही नाही, एवढं खरं.

"त्या दिवशी तासभर फाटकात उभा होतो," हे म्हणाले. "परत तसं उभं राहणं मला झेपलं नसतं."

"मग तसं सांगायचं होतं मला," मी म्हटलं. "त्या दिवशी तो काटा दिसला म्हणूनच मी वेळेवर थांबले. तुम्ही तोच काढलात. आणि आईचे पाय गेले तिकडे."

ह्यांची मान खाली गेली. वीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग हे उठले, बाहेर गेले, पुठ्ठा काढून आणला. उद्या मी येऊ का सोबत, असं हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. दया आली होती, पण नाहीच म्हटलं.

बुधवारी शाळेतून परस्पर निघाले. आईच्या घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. आई उशीला टेकून बसली होती. मला दारात पाहून तिने घाईघाईने पदर सारखा केला आणि सोबतीच्या बाईवर डाफरली, की आज रविवार आहे हे सांगितलं का नाहीस, साडी तरी बदलली असती.

"रविवार नाही आई," मी म्हटलं. "बुधवार आहे."

तिला पटेना. बुधवारी तू कशी येशील, गाडी तर बंद आहे ना, असं विचारत राहिली. मी सांगितलं की काटा दुरुस्त झाला, आता पहिल्यासारखी येत जाईन. आईचा चेहरा खुलला. दोन्ही हातांनी माझा हात धरला, उठायचा प्रयत्न केला, गुडघे लटपटले आणि परत बसली. पुन्हा प्रयत्न केला नाही. हात मात्र सोडला नाही.

"जावईबापूंनी केला असेल," ती म्हणाली. "बिचारे किती दिवस खटपट करत होते. माझ्यासाठी कोण एवढं करतं?"

मी तिचे पाय चोळायला घेतले आणि हो म्हटलं.