मिहोने न प्यायलेला चहा

इथले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर ते खालच्या कमेंट्समधली भांडणं वाचायला. पिंपळ, पैंजण, मागून आलेली हाक... यातलं काही मला कधी पटलं नाही, आणि आजही फारसं पटत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण मी स्वतः तिथे होते, पूर्ण जागी होते आणि भर दुपारची वेळ होती. घाबरवणारं काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

जपानमधल्या २०११च्या त्या मोठ्या भूकंपानंतरची ही गोष्ट. बाबा एका ट्रेडिंग कंपनीच्या पोस्टिंगवर कोबेला होते. आम्ही रोक्को स्टेशनच्या वर, चढावर राहायचो आणि मी तिथल्याच एका युनिव्हर्सिटीत शिकत होते. मिहो माझ्या वर्गातली. मूळची सेन्दाईकडची, भूकंपानंतर सगळं कुटुंब नातेवाइकांजवळ कोबेला आलेलं. घरचे सगळे मॉर्मन. हा ख्रिश्चनांमधला एक पंथ, त्यात दारू नाही, कॉफी नाही, साधा चहासुद्धा नाही. खोटं बोलणं तर मुळीच नाही. रविवारी ही बाई दुकानातून चॉकलेटही विकत घ्यायची नाही.

आणि अशी मुलगी कॉलेजच्या टी सेरेमनी क्लबात!

का आलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, चहाबरोबर मिळणाऱ्या मिठाईसाठी. ते खरंच होतं, माझ्या वाटणीची मिठाईही तीच संपवायची. दुसरं कारण केन्तो, हे मला थोडं उशिरा कळलं. केन्तो आम्हाला एक वर्ष सीनियर, अतिशय नीटनेटका मुलगा, पण मिहो खोलीत आली की किटलीतलं पाणी बाहेर सांडायचा. क्लबात मिहोचं व्रत सगळ्यांना माहीत होतं. तिच्या वाट्याचा वाडगा गुपचूप माझ्याकडे सरकायचा आणि मी दोन-दोन वाडगे माच्चा, म्हणजे तो हिरव्या पुडीचा चहा, पिऊन घरी जायचे. चव म्हणाल तर पाडव्याचा कडुलिंब गरम पाण्यात घुसळल्यासारखी. रात्री मला झोप का येत नाही, याची आईला वेगळीच काळजी लागली होती.

सगळं मजेत चाललं होतं. मग केन्तोने मिहोला घरी बोलावलं, आजीला भेटायला. त्याला आईवडील नव्हते, आजी-आजोबांनीच वाढवलेलं. आजी जन्मभर टी सेरेमनी शिकवत आल्या होत्या. आजोबा आदल्या हिवाळ्यात गेले आणि त्या दिवसापासून आजींनी किटली चुलीवर चढवली नव्हती. नातू मुलगी आणतोय म्हटल्यावर त्या पहिल्यांदाच चहा करणार होत्या. तो चहा नको म्हणणं म्हणजे ते घरच नको म्हणण्यासारखं. मी नको म्हटलं असतं तर परदेशी आहे म्हणून सोडून दिलं असतं. मिहो जपानी, तिला ती सवलत नव्हती.

केन्तो म्हणाला, नुसते ओठ लाव. मिहो म्हणाली, प्यायचं तर प्यायचं, नाहीतर नाही, मधलं मला जमत नाही. आठवडाभर तिचं जेवण सुटलं. तिला तो मुलगा हवा होता आणि तिचा देवही हवा होता. शेवटी ती मला घेऊन गेली. माझा प्लॅन तयार होता: आजी दुसरा वाडगा करायला वळल्या की पहिला मी संपवणार. मिहोने यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

शनिवारची दुपार. छोटी खोली, चटया, काचेतून आलेलं ऊन. आजींनी मिहोला आजोबांच्या नेहमीच्या जागेवर बसवलं, मी शेजारी. गुडघे मोडून, पायांवर बसायचं. पहिला वाडगा मिहोसमोर आला. केन्तो मिठाई आणायला आत गेला. आजी दुसऱ्या वाडग्याकडे वळून बांबूच्या छोट्या रवीने चहा घुसळू लागल्या. आता माझी पाळी.

मी पुढे झुकले... आणि पाय नाहीतच! दोन्ही पायांना अशा मुंग्या आल्या होत्या, की मी पोत्यासारखी कलंडले. हात पुढे जाईना. मिहो हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. बहुतेक प्रार्थना.

तेवढ्यात आवाज आला. सुर्रर्र... वाडग्यातला शेवटचा घोट ओढल्याचा. तसा आवाज करून चहा संपवायची तिथे रीतच आहे, पण हलकासा. हा चांगला दणदणीत होता.

मी पाहिलं. वाडगा रिकामा. कडेला हिरवा फेस, आणि पिऊन झाल्यावर तिथे पुसतात तशी, ओठ लागतात तेवढी जागा बोटाने पुसलेली. मिहोचे हात मांडीवरच होते. मी तर आडवीच होते.

आजींचा हात थांबला. केन्तो मिठाई घेऊन दारात आला, रिकामा वाडगा पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, आपल्यापायी हिने व्रत मोडलं.

मनात म्हटलं, सुटलीस बाई, आता फक्त गप्प बस. पण गप्प बसेल तर मिहो कसली. तिने हात जमिनीला टेकवले, वाकली आणि म्हणाली, "आजी, हा चहा मी प्यायले नाही. आमच्या धर्मात चहा चालत नाही. तुम्हाला आधी सांगायची हिंमत झाली नाही, माफ करा."

आजी सरकत पुढे आल्या. वाडगा उचलून त्या पुसलेल्या कडेकडे बघत राहिल्या.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "इतका आवाज करून पिणारा या घरात एकच माणूस होता. पाहुण्यांसमोर तरी असं पिऊ नका, म्हणून जन्मभर सांगून थकले मी."

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, केन्तो रडला, मग मीही. पायांच्या मुंग्यांमुळे, असं मी तेव्हा सांगितलं.

डोळे पुसून आजींनी मिहोला विचारलं, मग तू पितेस काय? भाजलेल्या जवाचं पाणी, मिहो म्हणाली. केन्तोने फ्रिजमधून ते आणलं. आजींनी ते त्यांच्या सगळ्यात चांगल्या वाडग्यात ओतलं आणि चहा देतात तसं दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवलं. मिहोने शेवटचा घोट आवाज करून संपवला.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग शिवला की कावळा," एवढंच म्हणाली आणि पुढची जुडी घेतली.

मी मात्र डोकं खाजवत राहिले. चटई कोरडी होती. वाडग्याला तडा नव्हता. खोलीत मांजर नव्हतं. पुढे मिहो दीड वर्ष धर्मकार्यासाठी बाहेर राहिली, केन्तो थांबला, आणि आता दोघांचं लग्न होऊनही बराच काळ झाला. आजी तिला अजून जवाचं पाणीच देतात. पुन्हा तसं कधी काही घडलं नाही.

मागच्या भेटीत मी मिहोला परत विचारलं, की तुला याचं काहीच नवल वाटत नाही का?

"गेलेली माणसं आपल्या कुटुंबातच असतात, असं आम्ही मानतोच," ती म्हणाली. "त्याचं नवल नाही, रुचा-चान. पण त्यांनी मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं गं. तरी माझ्यासाठी उठून आले."