सुभेदाराच्या बंदुकीचा चोक

नळी व्हाइसच्या जबड्यात आवळलेली होती, आतून खरवडायचा रीमर माझ्या हातात होता, आणि तात्या दारात येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, त्या नळीला हात लावाल तर बघा. माझ्या भावाची बंदूक हाय ती."

त्यांची पुतणी पूनम माझ्या स्टुलावर बसली होती. वर न बघता म्हणाली, "लायसन माझ्या नावावर हाय, तात्या."

"लायसन तुझं. बंदूक कुणाची?"

मी रीमर खाली ठेवला. गिऱ्हाइकाच्या घरात भांडण असेल तर मी पोलादाला हात लावत नाही. नंतर दोन्हीकडून शिव्या मलाच पडतात.

मंचरला माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. परवान्याचं. शाळा मला झेपली नाही, कानस झेपली. या भागात बंदुकीचं दुकान म्हटलं की लोक पहिलं बिबट्याचं विचारतात. त्यांना मी सांगतो, बिबट्यावर बंदूक चालवायची नसते, तुरुंगात जाल, वनखात्याला फोन करा. माझं गिऱ्हाईक म्हणजे बँकेचे गार्ड, बापजाद्यांची बंदूक सांभाळणारे बागायतदार, आणि अलीकडं थोडी नेमबाजी करणारी पोरं. पूनम त्यातली. अवसरी बुद्रुकची. बाप फौजेतून सुभेदार होऊन आलेला, मागच्या वर्षी वारला. त्याची दुनळी वारसानं हिच्याकडं आली.

आता चोक म्हणजे काय ते सांगतो. शेताला पाणी देताना पाइपाच्या तोंडाला अंगठा लावला की पाणी लांब जातं आणि धार बारीक होते. अंगठा काढला की जवळच पडतं, पण पसरून पडतं. छर्ऱ्याच्या बंदुकीचंही तसंच. नळीचं तोंड आतून जरासं आवळलेलं असतं, तो चोक. जास्त आवळलेला असला की छर्रे एकगठ्ठा लांब जातात. कमी असला की जवळच्या जवळ पसरतात. नव्या बंदुकीला चोक बदलता येतो, पेचाचा असतो, फिरवून काढायचा, दुसरा घालायचा. जुनीला तो नळीतच असतो, फिक्स. उघडायचा तर रीमरनं आतून पोलाद खरवडून काढावं लागतं. काढलेलं परत बसत नाही.

सुभेदाराच्या बंदुकीचे दोन्ही चोक फार टाइट होते.

पूनमची अडचण अशी. उडत्या मातीच्या तबकड्या फोडायचा खेळ ती खेळते. तबकडी जवळून जाते, तिथं छर्रे पसरलेले पाहिजेत. हिच्या तबकड्या सुटायला लागल्या. तिच्या क्लबातले कोच म्हणाले, चोक उघडून आण, नाहीतर दुसरी बंदूक आण. दुसरी बंदूक आणायची ऐपत नव्हती. संघाची निवड तोंडावर आलेली.

"यंदा न्हाई लागले तर संपलं, मिस्त्रीकाका," ती म्हणाली. "घरचे म्हणतील, झाला तेवढा खेळ बास. बंदूक जमा करून टाक."

"मी म्हनलो का तसं?" तात्या म्हणाले.

"तुमी न्हाई म्हनला. आई म्हनती."

मी नळीची जाडी गेजनं मोजली होती. नळी धडधाकट होती. काम होण्यासारखं होतं. पण होण्यासारखं असणं वेगळं आणि करणं वेगळं. मी म्हटलं, "आधी कागद मारू. मग ठरवू."

हे बोललो आणि माझं मलाच जड झालं.

कागद मारणं म्हणजे मोठा खाकी कागद चौकटीवर ताणायचा, ठरलेल्या अंतरावरून त्यावर एक बार काढायचा, आणि छर्ऱ्यांची भोकं मोजायची. कुठं दाट, कुठं विरळ, सगळं कागदावर दिसतं. बार काढायला एक माणूस पुरतं. मोजायला दुसरं लागतं, कारण एकट्याची मोजणी चुकते. माझी मोजणी माझी बायको सरू करायची. ओतूरकडची. तीही माझ्याएवढीच शिकलेली. चुलीतला कोळसा घेऊन ती प्रत्येक भोकाला काळी टिकली लावायची आणि विसाविसानं मोजायची. एक इसा, दोन इसं. इसा भरला की कागदाच्या कडेला रेघ. मधे कुणी बोललं तर हात वर करायची, बोलणाऱ्याकडं बघायचीसुद्धा नाही.

ती गेल्यापासून मी कागद मारला नव्हता. गेजनं मोजायचो, गिऱ्हाईक सांगेल तसं करायचो. चालतं तसंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पेठच्या पुढच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत गेलो. चाचणीचे बार काढायला मला तेवढीच जागा परवानगीची आहे. पहिला बार मी काढला. जाऊन बघितलं, तर कागदाच्या मधोमध ताटलीएवढ्या जागेत चाळणी झालेली. बाहेर मोजकी भोकं.

"बघा," पूनम म्हणाली. "कोच बरोबर बोलले. हे असं जवळ कसं चालंल? उघडा."

"मोजल्याशिवाय न्हाई."

मी खिशातून कोळसा काढला. चार टिकल्या लावल्या आणि चुकलो. परत सुरू केलं, परत चुकलो. भोकं काय कमी नसतात. तात्या मागं उभं राहून बघत होते. म्हणाले, "आणा हिकडं. तुमचे डोळे गेलेत."

डोळे गेले नव्हते. पण मी कोळसा दिला.

तात्या कागदापुढं उकिडवे बसले आणि मोठ्यानं मोजायला लागले. "...अठरा, एकोणीस, एक इसा. पूनम, रेघ मार."

मी उठून दगडांच्या मागं गेलो. पाणी प्यायचं म्हणून गेलो, बाटली गाडीतच राहिली होती. तिथूनही ऐकू येत होतं. दोन इसं. तीन इसं. खाणीत आवाज घुमतो. मी तिथंच उभा राहिलो, मोजणी संपेपर्यंत.

परत आलो तर पूनम विचारायला लागली, "बरं वाटत न्हाई का, काका?"

"धूळ गेली डोळ्यात. दुसरा कागद लाव. आता तू मार."

"मी कशाला? चोक तर तोच ऱ्हाणार."

सरूचं म्हणणं असायचं, ज्याची बंदूक त्यानं बार काढावा. मला ती म्हणायची, तुमी मारला तर तुमचा कागद मिळतो, त्याचा न्हाई. मी ते पोरीला सांगितलं. कुणी सांगितलेलं, ते नाही सांगितलं.

पूनमनं बार काढला. चाळणी तेवढीच दाट, पण मधोमध नव्हती. डावीकडं सरकलेली. मी कागद बदलला. परत डावीकडं. दुसऱ्या नळीनं मारायला लावलं. तीही डावीकडं.

तात्या म्हणाले, "मिस्त्रींचा मधी, हिचा बाजूला. बंदूक येकच. मंग खोट कुठं हाय?"

"खांद्याला लाव बघू परत," मी पोरीला म्हटलं. "रिकामी. सावकाश."

तिनं लावली आणि दिसलं. दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाची, मागची कड तिच्या जाकिटाला घासून अडकत होती. अडकली की ती बंदूक जरा पुढं ढकलायची, मान लांब करायची, मग गाल टेकायचा, आणि तोही नीट नाही. सुभेदार सहा फुटी माणूस. दस्ता त्याच्या हाताच्या लांबीचा करून घेतलेला. मीही उंच आहे, म्हणून मला तो बसला. ही बुटकी. लांब दस्ता उजव्या हाताच्या माणसाला बहुतेक वेळा डावीकडंच नेतो.

"चोक उघडला असता तर?" तिनं विचारलं.

"तर कडंचे चार छर्रे लागून येखादी तबकडी जास्त फुटली असती. तुला वाटलं असतं जमलं. आन तू मारत डावीकडंच राहिली असतीस. चोक राहू दे. दस्ता कापू."

मला वाटलं आता तात्या उसळणार. उसळली पूनम.

"दस्ता न्हाई कापायचा."

"काल तर नळी कापायला निघालीस."

"ते आतलं हाय. कुणाला दिसतंय? ह्ये..." तिनं दस्त्यावर हात ठेवला. गाल टेकतो तिथलं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलेलं होतं. सुभेदाराच्या गालानं. "हितं पप्पा टेकायचे."

मला बोलायचा हक्क नव्हता. माझ्या घरात कपडे वाळत घालायची दोरी सरूच्या उंचीवर बांधलेली आहे. मी रोज तिच्याखालून वाकून मोरीकडं जातो. वर बांधायला खुर्चीसुद्धा लागणार नाही.

तात्या तिच्याजवळ गेले. काल माझ्यावर धावून आलेला माणूस, आज आवाज खाली होता. "पोरी, गाल कुठं हाय बघ. पुढं हाय. मिस्त्री कापणार मागून. गाल तसाच ऱ्हातोय."

"अन् कापलेलं?"

"कापलेलं जपून ठेवायचं," मी म्हटलं. "लाकूड हाय. उद्या तुझ्या घरात कुणी उंच झालं तर स्क्रू मारून परत जोडता येतं. पोलादाचं तसं न्हाई."

तिनं गालाच्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला. मग बंदूक उघडून, रिकामी आहे बघून, माझ्या हातात दिली.

दुकानात मी दस्त्याला कागदी पट्टी गुंडाळली, म्हणजे कड फुटत नाही, आणि बारीक दातांच्या करवतीनं चकती काढली. दोन बोटं जाडीसुद्धा नव्हती. मागची रबरी गादी परत बसवली. चकती तात्यांनी उचलली, उपरण्याच्या टोकात बांधली. पूनमला विचारलंसुद्धा नाही. तिनंही मागितली नाही.

परत खाणीत गेलो. कागद मारला. चाळणी मधे आली.

निवडीत ती राखीव म्हणून लागली. पहिल्या फळीत नाही. जवळच्या तबकड्या थोड्या सुटल्याच, चोक टाइट आहे तो आहेच. कोच अजून म्हणतात उघडा. मी सांगितलं, या दस्त्यानं वर्षभर मार, मग बघू. तेव्हाही उघडायचा तर एकच नळी, तीही थोडी थोडी, आणि दर वेळी कागद मारून. दुसरी सुभेदारानं ठेवली तशी.

बंदुकीची तक्रार घेऊन येणाऱ्यांना आता मी एवढंच सांगतो. नळीला हात लावायच्या आधी कागद मारा. ज्याची बंदूक त्यानं मारा. आणि मोजायला कुणाला तरी बरोबर आणा, दुकानात ती सोय आता नाही.

परवा पूनमचा फोन आला. "काका, हिवाळ्याचं जाकिट जाड हाय, दस्ता लांब पडून परत बाजूला जातंय वाटतं. येकदा कागद मारायचा का?"

"ये की," मी म्हटलं. "येताना तात्यांना घेऊन ये. कोळसा मी आणतो."