मोईज मिस्त्रींचं इंजिन

कारागिराचं नाव घ्यायला तुमची जीभ जड होते का?

अकोल्याच्या जुन्या शहरातले मोईज मिस्त्री कापसातली सरकी काढणारी जिनिंगची यंत्रं दुरुस्त करायचे. कापसाच्या पडत्या काळात जिनिंग बंद झाली, मग ते गाड्यांकडे वळले. एका शेठच्या जुन्या निळ्या फियाटमध्ये त्यांनी नवं इंजिन बसवलं. बाहेरून गाडी होती तशीच. अमरावतीच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात शेठ बिनदिक्कत म्हणाले, "मुंबईच्या कारागिराचं काम आहे."

परीक्षक म्हणाले, "बॉनेट उघडा." गाडीत बसलेल्या शेठला बॉनेटचा खटकाच सापडेना. इंजिनाला जागा करताना मिस्त्रींनी तो हलवला होता.

गर्दीतून मिस्त्री ओरडले, "डाव्या गुडघ्यापाशी पाहा शेठ! मुंबईवाल्यानं सांगतलं नाई काय तुमाले?"

लोक हसले. तरी बक्षिसाच्या पाटीवर नाव एकट्या शेठचंच!

ती निळी फियाट दिसली तर अडवा, आणि शेठच्या तोंडून मोईज मिस्त्रींचं नाव वदवूनच सोडा.