मधली घागर

माझ्या आयुष्यात मला दोन गुरू लाभले. एक पगारी होते. दुसरीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता आणि ती माझी घरमालकीण होती. खरी विद्या दुसरीनं दिली, हे आधीच सांगून टाकतो.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्यांना कंप्युटरवाले लागणार, अशी हवा होती. म्हणून मी मुखेडहून येऊन क्लासला बसलो. पाऊस मात्र जिल्हा बघायला आलाच नाही. दुष्काळ पडला आणि आमच्या गल्लीत रोज एकच टँकर यायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी मला पडद्यावर आडव्या-उभ्या खणांचा एक तक्ता दिला. आम्ही त्याला रुबाबात ‘टू-डी ॲरे’ म्हणायचो. प्रत्येक ओळीत अकरा खण; शून्य आणि एक भरून त्यात बाण काढला होता.

सर म्हणाले, “बाणाचं टोक उजवीकडं, नांदेडकडं हाय. ते डावीकडं, पुण्याकडं वळव. आरशात दिसतं तसं.”

मी प्रोग्राम लिहिला : ओळीतला पहिला खण शेवटच्याशी बदल, दुसरा शेवटून दुसऱ्याशी, असं करत ओळ संपव. बटण दाबलं. बाण नांदेडकडेच!

“तू आरशात बघतोस का फोटोत?” सर म्हणाले. “उद्या सकाळी अकरा वाजेपर्यंत वळव. जमलं तर क्लासात मदतनीस म्हणून ठेवतो. न्हाई तर मुखेडची एसटी धर.”

मुखेडला मामाचं कापडाचं दुकान होतं आणि माझ्यासाठी मीटरपट्टी तयार होती. मी घाम पुसत घरी आलो, तर गल्लीत रणधुमाळी.

घागरींच्या चार ओळी, प्रत्येकीत अकरा. टँकर नेहमी देवळाच्या बाजूनं यायचा, म्हणून पहिले नंबर तिकडे. त्या दिवशी देवळाकडचा रस्ता खोदलेला होता, म्हणून तो उलट्या टोकाला उभा राहिला. त्याचा पाइप आखूड. पहाटेपासून नंबर लावलेले शेवटी गेले आणि आत्ता उगवलेले पहिले झाले!

ओरडाआरडा टिपेला पोचला, तेव्हा आमच्या घरमालकीण काकू ओट्यावर उभ्या राहिल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज मंडईला पुरेल एवढा.

“गप बसा समदे! ह्या टोकाची त्या टोकाला, त्या टोकाची ह्या टोकाला. दुसरी, तिसरी, तशीच. चला!”

अहाहा! कुठल्याही पुस्तकात इतकी स्वच्छ आज्ञा मी वाचलेली नाही. तीन ओळींना दोन-दोन माणसं भिडली. चौथी एकट्या माझ्या वाट्याला आली. मी दोन्ही हातांत घागरी घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळत सुटलो. एकही खण सोडला नाही. धापा टाकत बघतो तो तीन ओळी फिरलेल्या आणि माझी होती तशीच. काकूंची पितळी घागर टँकरपासून सगळ्यात लांब, जागच्या जागी!

“अगं बाई,” काकू म्हणाल्या, “कंप्युटरनं घागर फिरवली अन् परत आणून ठिवली! आरं, मधल्या घागरीपाशी थांबायचं. फुडं गेलास की आपलं केलेलं आपणच मोडतोस.”

मी तिथंच पुतळा झालो. हाच माझा प्रोग्राम होता की! निम्म्या ओळीत बाण वळत होता आणि उरलेल्या निम्म्यात मीच तो सरळ करत होतो.

“उभा काय ऱ्हायलास? उचल!”

पाच जोड्या बदलल्या आणि थांबलो. मधली घागर शेजारच्या भांडकुदळ मावशीची होती. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “माझा नंबर कुनीकडनं बी सहावाच. मला काय फरक न्हाई.” काकूंची घागर पहिली भरली.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रामात एकच आकडा बदलला. अकराच्या जागी पाच. बाण टुणकन पुण्याकडे वळला. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “राहा.”

मी धावत येऊन काकूंना सगळं सांगितलं. गुरुदक्षिणेचं भाषणही ठोकलं.

“म्हंजे तुमच्या मशीनला बी सांगावं लागतं, कुठं थांबायचं ते?”

“हो काकू.”

“मग तिचं कवतिक नको सांगूस. रस्ता बुजवला, टँकर देवळाकडनं यायलाय. घागरी परत फिरव जा.”

मी गेलो. पाच जोड्या फिरवल्या आणि मधल्या घागरीला हात जोडून थांबलो.